पुड्यावरचे नाव आणि पुड्यातला पाला

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने डिसेंबर २०२५ मध्ये एक खुलासा प्रसृत करून ‘चहा’ या शब्दाची हद्द आखून दिली. कॅमेलिया सायनेन्सिस या झाडापासून तयार झालेल्या पदार्थालाच चहा म्हणता येईल. इतर वनस्पतींच्या पुड्यांवर ‘हर्बल टी’, ‘फ्लॉवर टी’, ‘रूइबोस टी’ अशी नावे छापणे ही ग्राहकाची दिशाभूल असून कायद्याच्या परिभाषेत तो खोट्या नावाने माल विकण्याचा प्रकार ठरतो, असा त्या खुलाशाचा आशय होता. चहामळ्यांच्या मालकांना तो रुचावा यात नवल नाही. मराठी वाचकाला मात्र तो वाचून क्षणभर हसू आले असेल. परसात सांडपाण्याच्या वाटेवर वाढणारे आणि पावसाळ्यात आल्याबरोबर उकळले जाणारे ते लांब पात्यांचे सुगंधी गवत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ‘गवती चहा’ म्हणूनच ओळखले जाते. त्यात कॅमेलियाचा अंशही नाही, आणि त्या नावाने कोणाची फसवणूक झाल्याचेही ऐकिवात नाही. तथापि, घरातली भाषा आणि बाजारातली भाषा यांचे नियम निराळे असतात. छापील वेष्टनावरील शब्दाला काही शिस्त असावी, हे तत्त्व म्हणून मान्य करण्यास हरकत नसावी.

खरा प्रश्न त्यापुढचा आहे. शब्द शुद्ध झाला. पुड्याच्या आतला पाला शुद्ध आहे की नाही हे कोणी आणि कसे पाहावयाचे? ‘तुळशीचा चहा’ हे नाव खोडून ‘तुळशीचे पेय’ असे छापले, तरी आत तुळसच आहे याची ग्वाही या बदलाने मिळत नाही. पूर्वी काढ्याच्या वनस्पती घरी येत त्या पानाफुलांसह, मुळांसालींसह. काष्ठौषधी विकणाऱ्याच्या दुकानात जाणती बाई पान चुरगाळून हुंगत असे आणि मगच पैसे मोजत असे. आज तोच पाला बारीक चुरा होऊन कागदी पिशवीत बंद होतो, आणि त्या पिशवीला दोरी व दोरीला सुबक चिठ्ठी लावलेली असते. नाक, डोळे आणि जीभ या ग्राहकाच्या तिन्ही परीक्षकांची तेथे सुट्टी झालेली असते. उरते ती चिठ्ठी.

हा केवळ दोनचारशे रुपयांच्या फसवणुकीचा मामला असता, तर त्यासाठी एवढा ऊहापोह करण्याचे कारण नव्हते. परंतु २००१ सालच्या सप्टेंबरात हॉलंडमध्ये जे घडले ते ध्यानात घेण्यासारखे आहे. तेथे एक वनस्पतींचा चहा प्यायल्यानंतर दोनचार तासांत ६३ जणांना मळमळ, उलट्या आणि अस्वस्थपणा सुरू झाला. त्यांपैकी २२ जणांना रुग्णालयात हलवावे लागले आणि त्यांतील सोळा जणांना अपस्मारासारखे झटके आले होते. त्या चहात चक्रीफूल घातलेले होते. आपल्या मालवणी मसाल्यात पडते तेच हे आठ पाकळ्यांचे चक्रीफूल, इलिसियम व्हेरम. ते निरुपद्रवी आहे. पण त्याच कुळात इलिसियम अनिसॅटम नावाचे एक जपानी भावंड आहे. जपानात ते देवळांच्या व स्मशानांच्या परिसरात लावतात, त्याची साल उदबत्तीत वापरतात, आणि त्याचे फळ मात्र कोणी खात नाही; कारण त्यात मज्जासंस्थेवर आघात करणारे ॲनिसॅटिन नावाचे विष असते. हॉलंडमधील त्या चहात हे विषारी भावंड मिसळले गेले होते. दोनच वर्षांनी, सप्टेंबर २००३ मध्ये, अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला चक्रीफुलाचे चहा पिऊ नयेत असा जाहीर इशारा द्यावा लागला. त्या वेळी सुमारे चाळीस जण आजारी पडल्याच्या तक्रारी नोंदल्या गेल्या होत्या. त्यांत सुमारे पंधरा तान्ही मुले होती. पोटदुखीवर घरगुती उपाय म्हणून बाळाला चक्रीफुलाचे पाणी पाजण्याची चाल काही समाजांत आहे, आणि आपल्याकडील बाळगुटीचा विचार केला तर त्या आयांना नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला पोचत नाही.

ही दोन फळे वाळल्यावर जवळजवळ सारखी दिसतात. जाणकार माणूस अखंड फळ हाती घेऊन भेद सांगू शकेल; त्याची भुकटी झाली की त्याचाही इलाज खुंटतो. येथेच डीएनए तपासणीचे महत्त्व आहे. वनस्पती चुरली, वाळली, चाळली, तरी तिच्या पेशींत तिची वंशावळ लिहिलेली राहते. ही वंशावळ चार रासायनिक अक्षरांत लिहिलेली असते आणि जातीजातींतून त्या अक्षरांचा क्रम थोडाथोडा बदलतो. संपूर्ण ग्रंथ वाचण्याचे कारण नाही. सर्वांमध्ये असलेले, परंतु प्रत्येकात किंचित निराळे असलेले एखादे पान वाचले तरी पुरते. कॅनडातील गुएल्फ विद्यापीठाचे पॉल हेबर्ट यांनी २००३ साली प्राण्यांच्या बाबतीत ही कल्पना मांडली आणि तिला दुकानातील मालावर असतो त्या ‘बारकोड’चे नाव दिले. वनस्पतींसाठी कोणते पान वाचावे यावर शास्त्रज्ञांत बराच वाद झाला. अखेर २००९ मध्ये हरितद्रव्याच्या कणांतील आरबीसीएल आणि मॅटके ही दोन जनुके प्रमाण म्हणून स्वीकारण्यात आली. नमुन्यातून डीएनए वेगळा काढावयाचा, त्यातील हे नेमके तुकडे पीसीआर या क्रियेने कोट्यवधी पटींनी वाढवावयाचे, अक्षरांचा क्रम लावावयाचा आणि तो संग्रहातील ज्ञात क्रमांशी ताडून पाहावयाचा, अशी ही रीत आहे.

ही रीत किती आटोपशीर झाली आहे, हे न्यूयॉर्कमधील शाळेच्या तीन विद्यार्थ्यांनी दाखवून दिले. रॉकफेलर विद्यापीठातील मार्क स्टोकल आणि अन्य शास्त्रज्ञांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी ३३ उत्पादकांचे, १७ देशांतून आलेले १४६ पुडे तपासले. त्यांत निम्मे खऱ्या चहाचे आणि निम्मे वनस्पतींच्या तथाकथित चहांचे होते. बरेचसे काम एका घराच्या जेवणघरात मांडलेल्या साध्या प्रयोगशाळेत झाले आणि त्याचे निष्कर्ष जुलै २०११ मध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. खऱ्या चहाच्या पुड्यांत चिठ्ठीवर न नोंदलेली वनस्पती आढळण्याचे प्रमाण अवघे चार टक्के निघाले. वनस्पतींच्या चहांत हेच प्रमाण ३५ टक्के होते. कोठे कॅमोमाइल, कोठे हिरवळीत उगवणारे गवत, तर कोठे चक्क चाकवत. म्हणजे ज्याची आपण ताक लावून पातळ भाजी करतो तेच, तेथे तण समजले जाणारे झाड.

३५ टक्के हा आकडा वर्तमानपत्राच्या मथळ्याला शोभणारा आहे, आणि नेमका म्हणूनच तो जपून वाचला पाहिजे. शेतात कापणी करताना शेजारचे चार चाकवताचे कोंब विळ्याखाली आले, तर ती लबाडी नव्हे. एकाच यंत्रातून आधी कॅमोमाइल आणि नंतर पुदिना दळला गेला, तर पुदिन्यात कॅमोमाइलचा कण सापडणारच. भेसळ आणि मिसळ यांत फरक आहे. पहिलीत हेतू असतो, दुसरीत हयगय. पीसीआरची क्रिया इतकी तीक्ष्ण आहे की कणभर परागही तिला पुरतो, पण तो कण होता की मूठ होती हे ती खात्रीने सांगू शकत नाही. आणि कायद्याला तर प्रमाण हवे असते. आयुर्वेदीय औषधीसंहितेत अनेक वनस्पतींसाठी परकीय द्रव्याची मर्यादा शेकडा दोन अशी दिलेली आहे. अडीच भाग निघाले तर दोषी आणि दीड भाग निघाले तर निर्दोष, असा निवाडा करण्यासाठी तराजू लागतो. डीएनएची तपासणी हा तराजू नव्हे. अर्थात याचा असाही अर्थ नाही की मिसळीकडे कानाडोळा करावा. कॅमोमाइलच्या कुळातील फुलांची ज्यांना ॲलर्जी आहे, त्यांच्या दृष्टीने हयगय आणि लबाडी यांचा परिणाम एकच होतो.

या विषयात आपण पश्चिमेचे अनुकरण करीत आहोत असा समज होऊ नये म्हणून एक गोष्ट येथे नोंदवली पाहिजे. न्यूयॉर्कच्या विद्यार्थ्यांच्या आठ वर्षे आधी, २००३ साली, हिमाचल प्रदेशातील पालमपूर येथील हिमालयीन जैवसंपदा तंत्रज्ञान संस्थेच्या संशोधकांनी बाजारातील चहाच्या भुकटीत मिसळलेली काजूची साल डीएनएच्या आधारे ओळखण्याची पद्धत प्रसिद्ध केली होती. काजूच्या कारखान्यातून निघणारी तांबूस साल ही चहाच्या भेसळवाल्यांची जुनी सोबतीण. ती दळली की रंगाने चहाशी मिळते, तिच्यातील टॅनिनमुळे पाण्याला रंगही चढतो, आणि किंमत जवळजवळ काहीच नाही. कोकण आणि गोवा या काजूच्या प्रदेशांतील वाचकांना तिची वेगळी ओळख करून देण्याचे कारण नाही. चहाच्या झाडाची आणि काजूच्या झाडाची वंशावळ इतकी भिन्न आहे की डीएनएच्या तपासणीपुढे या सालीची मात्रा चालत नाही.

परंतु आपल्या बाजारातील चहाच्या भेसळीचा दुसरा आणि तितकाच जुना प्रकार घ्या. एकदा उकळून झालेला चोथा उन्हात वाळवावयाचा, त्यावर रंग चढवावयाचा आणि तो ताज्या भुकटीत मिसळून खपवावयाचा. या मालाची डीएनए तपासणी केली तर निर्वाळा मिळेल की हा शंभर टक्के कॅमेलिया सायनेन्सिस आहे! तो असत्यही नाही. चोथा चहाचाच आहे. फक्त त्यातला चहा कोणीतरी आधीच पिऊन टाकलेला आहे. त्यावरचा अखाद्य रंग ओळखायला ओल्या टिपकागदाची साधी चाचणी पुरते: भुकटी कागदावर पसरावी, पाणी शिंपडावे, भुकटी धुऊन काढून डाग पाहावेत. येथे प्रयोगशाळेतील महागडे यंत्र हरते आणि टिपकागद जिंकतो. कीटकनाशकांचे अंश, बुरशीचे विष, जड धातू यांच्याबाबतही डीएनए तितकाच मुका आहे. ‘तू कोण?’ या एकाच प्रश्नाचे उत्तर तो देतो. ‘तू कसा आहेस?’ हे त्याला विचारून उपयोग नाही.

हा भेद न ओळखल्यामुळे काय होते, याचा धडा अमेरिकेने २०१५ साली घेतला. न्यूयॉर्क राज्याचे तत्कालीन महाअधिवक्ता एरिक श्नायडरमन यांनी त्या वर्षीच्या फेब्रुवारीत चार बड्या दुकानसाखळ्यांना वनौषधींच्या काही गोळ्यांची विक्री थांबवण्याविषयी पत्रे पाठवली. त्यांनी करवून घेतलेल्या डीएनए तपासणीत केवळ २१ टक्के चाचण्यांत वेष्टनावर लिहिलेली वनस्पती सापडली होती. देशभर खळबळ माजली. मात्र लवकरच वनस्पतिशास्त्राच्या जाणकारांनी, आणि त्यांत या उद्योगाचे कठोर टीकाकारही होते, एक आक्षेप घेतला. यातील पुष्कळ गोळ्या अर्कापासून बनलेल्या होत्या. उष्णता आणि मद्यार्क यांच्या क्रियेतून गेल्यावर औषधी द्रव्य टिकते, पण डीएनए तुटून जातो किंवा गाळून निघतो. वनस्पतीचा डीएनए सापडला नाही म्हणजे वनस्पती नव्हतीच, असा निष्कर्ष काढणे म्हणजे उसाचे चिपाड दिसत नाही म्हणून साखर उसाची नव्हे असे म्हणण्यासारखे झाले. पुढे मार्च २०१५ मध्ये त्यांतील एका साखळीशी जो करार झाला, त्यात कच्च्या मालाची डीएनए तपासणी अर्क काढण्यापूर्वी करावी असे ठरले. जे शेवटी सुचले ते आरंभी सुचले असते, तर विज्ञानाची आणि सरकारचीही अब्रू वाचली असती.

अब्रूचा विषय निघालाच आहे तर आणखी एक उल्लेख टाळता येत नाही. गुएल्फ विद्यापीठातूनच २०१३ मध्ये आलेल्या एका गाजलेल्या निबंधात ४४ वनौषधी उत्पादने तपासून त्यांपैकी ५९ टक्क्यांत वेष्टनावर नसलेल्या वनस्पती आढळल्याचे म्हटले होते. त्याचे दाखले जगभर दिले गेले. २०२१ मध्ये काही शास्त्रज्ञांनी, आणि त्यांत पूर्वीचे सहकारीही होते, या निबंधाच्या आधारसामग्रीविषयी गंभीर शंका घेऊन विद्यापीठाकडे तक्रार केली. विद्यापीठाच्या चौकशीत गैरवर्तन सिद्ध झाले नाही. पण म्हणून शंका मिटल्या असेही नाही. दुसऱ्याच्या पुड्यातला पाला तपासणाऱ्याने आपली वही सर्वांसमोर उघडी ठेवली पाहिजे, ही अपेक्षा यात मुळीच अवाजवी नाही. सरकारी प्रयोगशाळेलाही ती लागू आहे.

आता आपल्या देशातील मूळ अडचणीकडे वळू. ती यंत्राची नाही. यंत्रे आपल्याकडे आहेत आणि ती चालवणारी तरुण मंडळीही आहेत. अडचण नावांची आहे. नमुन्यातील अक्षरांचा क्रम ज्याच्याशी ताडावयाचा तो क्रम ज्या झाडाचा, ते झाड कोणते हे आधी कोणीतरी निर्विवाद ठरवलेले असले पाहिजे. आपल्या नावांचा गोंधळ किती जुना आहे पाहा. ‘ब्राह्मी’ म्हणून कोणी पाणथळ जागेतील बारीक मांसल पानांचे बाकोपा देतो, तर कोणी वाटोळ्या पानांची मंडूकपर्णी. ‘शंखपुष्पी’ या नावाचे तर निदान तीन दावेदार आहेत, आणि अलीकडे ‘निळा चहा’ म्हणून जिचे कौतुक चालले आहे ती कुंपणावरची गोकर्णही त्यांतलीच एक. ‘रामतुळस’ हे नाव कोणी हिरव्या पानांच्या साध्या तुळशीला देतात, कोणी त्याच कुळातील मोठ्या झुडपाला. यांपैकी कोणीही खोटे बोलत नसतो. प्रदेश बदलला, वैद्यपरंपरा बदलली की नाव बदलते. परंतु वेष्टनावर नुसते ‘ब्राह्मी’ असे छापलेले असेल, तर तपासनीसाने आत नेमके काय शोधावयाचे? उत्तर काहीही आले तरी विक्रेता म्हणू शकतो की आमच्याकडे हिलाच ब्राह्मी म्हणतात.

नावांच्या अशा साम्याने काय अनर्थ होतो ते ब्रुसेल्समध्ये १९९०च्या दशकाच्या आरंभी दिसले. वजन घटवण्याच्या एका उपचारात ‘फांग जी’ या चिनी नावाखाली स्टेफानियाच्या मुळाऐवजी ॲरिस्टोलोकियाचे मूळ वापरले गेले. शंभराहून अधिक रुग्णांच्या मूत्रपिंडांना त्याची झळ पोचली, कित्येकांची मूत्रपिंडे कायमची निकामी झाली.

याउलट, नाव निश्चित केले की तपासणी किती सुलभ होते याचे उदाहरण आपल्या तुळशीवृंदावनातलेच आहे. ब्रिटिश औषधीसंहितेने गेल्या दशकात वनस्पतींच्या ओळखीसाठी डीएनएची अधिकृत पद्धत समाविष्ट केली, तेव्हा त्यासाठी निवडलेली पहिली वनस्पती होती तुळस, ऑसिमम टेन्युइफ्लोरम. ज्या वनस्पतीला आपल्या अंगणात मान आहे तिची ओळख प्रथम लंडनने प्रमाणित करावी, याचा राग मानण्यापेक्षा त्यामागची पद्धत पाहावी हे बरे. तेथे आधी वनस्पतिशास्त्रज्ञांनी ओळख पटवलेले नमुने जमवले गेले, मग अक्षरांचा क्रम ठरला, आणि त्यानंतर नियम आला. आपल्याकडे बहुधा नियम आधी येतो.

असे ओळख पटवलेले नमुने म्हणजे वाळवून कागदावर चिकटवलेली रोपटी. कोणी गोळा केले, कोठे, कोणत्या दिवशी, हे शेजारी लिहिलेले असते. महाराष्ट्र या बाबतीत दरिद्री नाही. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र १९५५ पासून आहे, आघारकर संशोधन संस्थेचा संग्रह आहे, मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयात ब्लॅटर हर्बेरियम आहे. थिओडोर कुक यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा जो ग्रंथ रचला, तो आजही अभ्यासकांच्या टेबलावरून उतरलेला नाही. पण या कपाटांतल्या कागदांची जाण असणारी माणसे निवृत्त होत चालली आहेत. वनस्पतींचे वर्गीकरण हा महाविद्यालयांत मागे पडलेला विषय झाला आहे. हुशार विद्यार्थी रेणूंच्या अभ्यासाकडे वळतो आणि झाडाकडे पाठ फिरवतो. शिक्षक असलेल्या वाचकांना हे अधिक विस्ताराने सांगावे लागू नये. रेणूंचा अभ्यासक झाडाच्या अभ्यासकावाचून पांगळा आहे, ही गोष्ट पदे मंजूर करणाऱ्यांच्या ध्यानात मात्र अजून आलेली दिसत नाही.

कायद्याच्या बाजूलाही एक विसंगती आहे. तुळशीचा पुडा ‘पेय’ म्हणून विकला तर तो २००६च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली येतो. तोच पाला आयुर्वेदीय औषध म्हणून विकला तर १९४०चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा लागू होतो. पाला एक, झाड एक, पिणारा माणूसही एक, कसोट्या दोन. अन्नाच्या कायद्यात खोट्या नावाने विक्रीला तीन लाखांपर्यंत आणि कमी प्रतीच्या मालाला पाच लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. दंड पुरेसा आहे की नाही हा वेगळा वाद. पुराव्यावाचून दंड होत नाही, आणि पुरावा कोणत्या टप्प्यावर गोळा करावा याचा विचार झालेला दिसत नाही.

प्रस्तुत लेखकाच्या मते तो टप्पा दुकानाच्या फळीवरचा पुडा नसून त्याच्या कितीतरी आधीचे पोते हा आहे. जंगलातून किंवा शेतातून आलेला पाला जेव्हा व्यापाऱ्याच्या वखारीत अखंड अवस्थेत असतो, तेव्हा त्यातला डीएनए शाबूत असतो, जाणत्या माणसाचा डोळाही उपयोगी पडतो, आणि दोष सापडला तर तो कोणाचा हे सांगता येते. पुड्यात सहा वनस्पतींचा चुरा एकत्र झाल्यावर उत्पादक व्यापाऱ्याकडे बोट दाखवतो, व्यापारी दलालाकडे आणि दलाल अखेर ज्याच्याकडे बोट दाखवतो तो असतो आदिवासी पाड्यावरचा गोळा करणारा माणूस. साखळीतला सर्वांत कमी मोबदला त्याचा आणि सर्वांत जास्त जबाबदारीही त्याच्याच माथी, असे होणे न्यायाचे नाही.

खर्चाचा मुद्दाही येथेच उपस्थित होतो. प्रत्येक पुड्याला डीएनए दाखला सक्तीचा केला, तर बडे उत्पादक तो खर्च किमतीत मिळवून मोकळे होतील. गवती चहा आणि तुळस वाळवून विकणारा महिलांचा बचत गट मात्र बाजारातून उठेल. भेसळ रोखण्याच्या नावाखाली प्रामाणिक लहान माणूस बाद होणे, हा नियमांचा नेहमीचा अपघात आहे. पोत्याच्या टप्प्यावरची तपासणी सरकारी प्रयोगशाळांनी, नमुने निवडून आणि स्वखर्चाने केली, तर तो टळू शकतो. महाराष्ट्रात अन्न आणि औषध ही दोन्ही खाती एकाच प्रशासनाकडे असल्यामुळे वरील विसंगतीचीही फारशी आडकाठी येऊ नये.

परंतु या सर्वांच्या आधी करण्याजोगे एक काम आहे आणि त्याला प्रयोगशाळाही लागत नाही. डिसेंबरच्या खुलाशाने वेष्टनावर काय छापू नये ते सांगितले. काय छापावे हेही त्याच अधिकाराने सांगता येईल: पुड्यातील प्रत्येक वनस्पतीचे शास्त्रीय नाव आणि तिचा वापरलेला भाग, पान की फूल, साल की मूळ, हे मराठी वा इंग्रजी नावाशेजारी, वाचता येईल अशा अक्षरांत. उत्पादकाने ते नाव छापले की तो त्याला बांधला जातो. मग ‘आमच्याकडे हिलाच ब्राह्मी म्हणतात’ हा बचाव उरत नाही आणि तपासनीसाला शोधण्यासाठी एक निश्चित झाड मिळते. चक्रीफुलासारख्या, ज्यांचे विषारी भावंड ठाऊक आहे अशा वनस्पतींपासून आरंभ करता येईल; त्यांची संख्या मोठी नाही. त्यांचे प्रमाण नमुने पुण्या-मुंबईच्या कपाटांतून किंवा त्यांच्या मूळ प्रदेशातील संग्रहांतून मिळवता येतील. त्या नमुन्यांवरील नावे बरोबर आहेत असे सही करून सांगणारी माणसे कार्यरत आहेत, तोवर हे काम हाती घेतलेले बरे.